मदत हवी आहे : थायलंडमधल्या भंतेजींना घरून काय पाठवावं?

जय भीम, नमो बुद्धाय. आम्ही दारव्हा तालुक्यातले. माझा धाकटा भाऊ उपसंपदा (भिक्खूची पूर्ण दीक्षा) घेऊन थायलंडच्या विहारात शिकतोय, पुढे धम्मदूत व्हायचंय. पहाटे वंदना, मग अनवाणी पिंडपात (भिक्षेला फिरणं), मध्यान्हानंतर जेवण नाही. आईचा जीव तुटतो, "पोट्टं रोज उपाशी निजते!" तिला जवसाची चटणी पाठवायची आहे. पण विनयात, म्हणजे भिक्खूंच्या नियमांत, अन्न साठवणं बसत नाही. तूप, लोणी, तेल, मध, गूळ तेवढं औषध म्हणून सात दिवस चालतं. पैसेही भंतेजी हातात घेत नाहीत.

कुणाच्या घरचे भंतेजी तिकडे आहेत का? गूळ कस्टममध्ये अडतो का? पार्सल विहाराच्या नावानं टाकावं की कप्पियकारकाच्या (भिक्खूंसाठी पैसे-वस्तू सांभाळणाऱ्या उपासकाच्या)? वर्षावासाआधी (भिक्खू पावसाळ्यात तीन महिने एकाच जागी राहतात, त्याआधी) पोचवायचंय. आईला काय सांगू, तेही कळवा.