नॉरफोकमधील संग्रहालये आणि कलादालने : तीन दिवसांत काय पाहावे?

पायवाट (प्रश्न)
येत्या मे महिन्यात मी, माझे यजमान आणि सासूबाई असे तिघे लंडनहून तीन दिवसांसाठी नॉरफोक काउंटीत जाणार आहोत. आमच्याकडे मोटार नाही आणि सासूबाईंना जिने चढणे जड जाते. मागील सहलीत दोन दिवसांत सात संग्रहालये पालथी घातली आणि शेवटी लक्षात राहिला तो फक्त पायांचा ठणका. या वेळी थोडे, पण नीट पाहावे अशी इच्छा आहे. सुरुवात कोठून करावी?

जुनाबुरूज
नॉर्विचमध्येच मुक्काम करावा. लंडनच्या लिव्हरपूल स्ट्रीट स्थानकातून रेल्वेने सुमारे दोन तास लागतात. (लिहिताना नॉर्विच असले, तरी स्थानिक लोक ‘नॉरिज’च्या जवळ जाणारा उच्चार करतात.) पहिला पूर्ण दिवस नॉर्विच कॅसलला द्यावा. नॉर्मन राजांनी बांधलेला हा बालेकिल्ला पुढे कित्येक शतके तुरुंग होता आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याचे संग्रहालय झाले. दीर्घ दुरुस्तीनंतर 2025 मध्ये तो पुन्हा खुला झाला असून आता लिफ्ट थेट तटमाथ्यापर्यंत जाते, त्यामुळे सासूबाईंना खाली बसवून ठेवण्याची वेळ येणार नाही.

तेथील कलादालनांत माझ्या मते सर्वांत मोलाची आहे ती नॉर्विच चित्रकारांची परंपरा. जॉन क्रोम आणि त्याच्या सोबत्यांनी 1803 मध्ये येथे कलाकारांची संस्था स्थापन केली आणि राजधानीपासून दूर राहून आसपासच्या नद्या, पवनचक्क्या आणि माळराने रंगवली. जॉन सेल कॉटमनच्या जलरंगांत तर झाडाची सावलीसुद्धा कापून चिकटवल्यासारखी सपाट आणि स्वच्छ दिसते. जलरंग प्रकाशाने फिके पडत असल्यामुळे ही चित्रे आलटून पालटून मांडली जातात, म्हणून एखादे ठरावीक चित्र दिसेलच असे धरून जाऊ नये. चहाच्या किटल्यांचा भला मोठा संग्रहही तेथे आहे. मला त्यात रस वाटला नाही, पण सोबतची मंडळी तासभर हलली नाहीत.

काचघर
वरील मताशी मी अंशतः असहमत आहे. माणूस ताजातवाना असताना प्रथम ईस्ट अँग्लिया विद्यापीठाच्या आवारातील सेन्सबरी सेंटर पाहावे. रॉबर्ट आणि लिसा सेन्सबरी या दांपत्याने 1973 मध्ये आपला खासगी संग्रह विद्यापीठाला दिला आणि त्यासाठी नॉर्मन फॉस्टर यांनी उभारलेली इमारत 1978 मध्ये खुली झाली. आफ्रिकेतील मुखवटा, फ्रान्सिस बेकनचे चित्र आणि हेन्री मूरचे शिल्प येथे देश किंवा शतकाच्या कप्प्यांत न अडकता एकाच विशाल दालनात शेजारी नांदतात, त्यामुळे पाटी वाचण्याआधी वस्तूकडे पाहणे भाग पडते. शहरातून बस मिळते. सोमवारी मात्र ते बंद असते.

रेल्वेचाप्रवासी
तिसऱ्या दिवशी रेल्वेने थेटफर्डला जावे. तेथील एन्शंट हाउस हे लाकडी चौकटीचे ट्यूडरकालीन घर महाराजा दुलीपसिंग यांचे पुत्र प्रिन्स फ्रेडरिक यांनी 1921 मध्ये गावाला दिले, आणि त्यात संग्रहालय आहे. पंजाबचे राज्य गमावलेल्या राजाच्या मुलाने इंग्लंडमधील एका लहान गावाचा इतिहास जपावा, ही गोष्ट त्या बुटक्या खोल्यांत उभे राहिल्यावर मनाला वेगळीच लागते. नदीकाठी महाराजांचा अश्वारूढ पुतळाही आहे. घर जुने असल्यामुळे वरच्या मजल्याविषयी सासूबाईंसाठी आधी दूरध्वनीवर विचारून घ्यावे.

समुद्र हवा असेल, तर त्याऐवजी ग्रेट यारमथचे टाइम अँड टाइड संग्रहालय निवडावे. हेरिंग माशाला धुरी देण्याच्या जुन्या कारखान्यात ते थाटलेले आहे आणि भिंतींना तो वास अजूनही येतो. दोन्ही गावे एकाच दिवसात उरकण्याचा मोह टाळावा.

पायवाट
सर्वांची आभारी आहे. आम्ही मंगळवारी सेन्सबरी सेंटर, बुधवारी किल्ला आणि गुरुवारी थेटफर्ड असे ठरवत आहोत. नॉरफोकमधील स्नेटिशॅमला सापडलेले, आपल्या हासळीसारखे दिसणारे ते गळ्यातले प्रसिद्ध सोन्याचे कडे नॉर्विचच्या किल्ल्यातच आहे ना?

जुनाबुरूज
नाही. स्नेटिशॅमची काही कडी किल्ल्यात आहेत, पण 1950 मध्ये सापडलेले ते मोठे कडे लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. ते तुम्हाला घराजवळच, कोणत्याही रविवारी पाहता येईल.