हॉस्पिटलने तडजोडीचा कागद पुढे केलाय, सही करावी का? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी. जरा लांबेल, पण माहीतगारांनी वाचावं ही विनंती.

आई, वय ७१, मधुमेह. खुब्याचं ऑपरेशन झालं आणि ते चांगलंच झालं. सर्जनबद्दल आमचं काही म्हणणं नाही. नंतर अंथरुणावर असताना माकडहाडावर बेडसोअर (एकाच कुशीवर पडून राहून होणारी जखम) झाला, हाडापर्यंत गेला, संसर्ग रक्तात पसरला आणि चौथ्या आठवड्यात ती गेली. जखम आम्हाला पहिल्यांदा दिसली बाराव्या दिवशी, तीही चादर बदलताना वास आला म्हणून. तोवर "कूस बदलतोय, काळजी करू नका" एवढंच ऐकत होतो.

केसपेपर लेखी अर्ज केल्यापासून ७२ तासांत द्यायचे असतात. आम्हाला तीन आठवडे आणि दोन स्मरणपत्रं लागली. नर्सिंग चार्टवर दर दोन तासांनी 'कूस बदलली' अशी बरोबरची खूण. दिवसरात्र, एकाच पेनाची, एकाच हाताची. त्यात एका दिवशी दुपारी २ ची खूण आहे, आणि त्या वेळी आई सीटी स्कॅनच्या टेबलावर होती. फिल्मवर वेळ छापली आहे: १४.०७. हे धाकट्या बहिणीने शोधलं. मी तो कागद शंभरदा पाहिला असेन, मला दिसलं नव्हतं.

लेखी तक्रार दिल्यावर आता बोलावणं आलं. उरलेलं बिल माफ, वर काही रक्कम 'सद्भावना म्हणून'. चूक मान्य नाही. आम्ही पुढे कुठेही दाद मागायची नाही, मेडिकल कौन्सिलकडची तक्रार मागे घ्यायची, कुणापाशी बोलायचं नाही. आणि हे सगळं शुक्रवारपर्यंत. चौदा महिने ज्यांना घाई नव्हती त्यांना आता शुक्रवार आठवला!

मला कळलंय ते असं: १९९५ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालापासून पैसे देऊन घेतलेले उपचार ग्राहक कायद्यात येतात, आणि तक्रारीची मुदत दोन वर्षं. कुणाल साहा या डॉक्टरांनी पत्नीच्या मृत्यूबद्दल हॉस्पिटलविरुद्ध लढलेल्या प्रकरणात २०१३ साली जवळपास ६ कोटी आणि वर व्याज मिळालं, पण पत्नी गेली होती १९९८ ला. धाकटी मला आकडा दाखवते, भाऊ वर्षं मोजतो. बाबा गप्प.

बोलणी चालू आहेत म्हणून मुदत थांबते का? सही केली आणि पैसे आलेच नाहीत तर?

प्रतिसाद १
ताई, नुसत्या बोलण्यांनी मुदत थांबत नाही. उशीर माफ होतो, पण कारण ग्राहक आयोगाला (ग्राहक कायद्याखाली तक्रार ऐकणारं न्यायपीठ) पटलं तर. त्यावर विसंबू नका. आधी तक्रार दाखल करा, तडजोड त्यानंतरही होते. २०१९ च्या कायद्यात आयोग प्रकरण मध्यस्थीकडे पाठवू शकतो आणि तिथे ठरलेलं आयोगाच्या आदेशात येतं. मग पैसे बुडवले तर वसुलीला आधार राहतो. कुठल्या आयोगात जायचं हे तुम्ही किती भरपाई मागता यावर नाही, बिलापोटी किती भरलं यावर ठरतं; ५० लाखांपर्यंत जिल्हा आयोग. कागदावर वडिलांसह सगळ्या वारसांच्या सह्या मागतील, म्हणजे धाकटीची नसेल तर त्यांनाही तो कागद अपुराच. ती फिल्म मात्र कुणाच्या हातात देऊ नका, झेरॉक्ससुद्धा तुम्हीच काढा.

प्रतिसाद २
मी वॉर्डात काम केलंय, म्हणून कडू बोलते. बेडसोअर झाला म्हणजे हलगर्जीपणा झालाच, असं आयोग धरत नाही. मधुमेह पुढे करतीलच. तुमचा मुद्दा जखम नाही, चार्ट आहे. चोवीस तास एकच अक्षर? एक सिस्टर तीन पाळ्या करत नाही. त्या आठवड्यांचं ड्यूटी रोस्टर मागा. रात्री एका सिस्टरकडे किती पेशंट होते तेही कळेल. आणि खुणा करणाऱ्या मुलीवर राग धरू नका, सकाळी सगळे रकाने भरून टाक असं तिला कुणीतरी सांगितलेलं असतं.

मूळ लेखिका
रोस्टर सुचलंच नव्हतं. उद्या अर्ज टाकते, तक्रारीसाठी वकीलही बघते. शुक्रवारी येणार नाही असं त्यांना कळवलं. भावालाही सांगितलं, तो अजून काही बोललेला नाही.