अनुभव धागा: मराठी सिनेमाची पाळी आली, तेवढ्यात लाइट गेले

ऐंशीच्या दशकात इंदूरच्या मराठी घरांत टीव्ही आला, पण दिसायचं ते दिल्ली दूरदर्शन. मुंबई केंद्राचे मराठी कार्यक्रम मे महिन्यात आलेली पुण्याची मावसभावंडं रंगवून सांगायची आणि आम्ही नुसते ऐकायचो. सगळी भिस्त रविवार दुपारच्या प्रादेशिक चित्रपटावर. त्यात भाषांची पाळी लागलेली. मराठीची वाट बघताबघता आईने बंगाली, मल्याळी, उडिया असे किती सिनेमे खालची इंग्रजी अक्षरं लावत पाहिले! शेवटी एका रविवारी मराठी लागला. शेजारपाजार चटया घेऊन जमला, नावं संपली आणि लाइट गेले. कुणी उठलं नाही. एका काकूंनी तो पुण्यात पाहिला होता. त्यांनी उरलेला सिनेमा सांगितला, गाण्यांसकट. मला तो अजून काकूंच्याच आवाजात आठवतो.

या आठवणी आपणच लिहून ठेवायला हव्यात. तुमच्याही सांगा, मोहल्ल्याचं नाव टाकून.

रामबाग: रामायण 1987च्या जानेवारीत सुरू झालं, रविवारी सकाळी साडेनऊला. आमच्याकडे पोहे घरचे, जलेबी बाहेरची, आणि ती आणायचं काम माझं. वेळ झाली की दुकानातले भिया कढई उतरवून टीव्हीपुढे बसायचे. "अब भगवान के बाद," एवढंच म्हणायचे. एकदा मीही तिथेच मांडी घातली. घरचे सगळे आपल्या टीव्हीपुढे, त्यामुळे मी परतलो नाही हे भाग संपेपर्यंत कुणाच्या लक्षातच आलं नाही.

राजेंद्रनगर: टीव्हीच्या आधी रेडिओ घ्या की! आकाशवाणी इंदूरवर नंदाजी-भेराजी ही जोडी मालवी बोलीत शेतीभातीच्या गप्पा मारायची. आमच्या अण्णांकडे शेत नव्हतं, कुंडीत एक तुळस. तरी सोयाबीनवरच्या किडीची त्यांना खरी काळजी. "भेराजी बरोबर बोलतोय," असं जेवताना म्हणायचे, जणू तो पंगतीलाच बसलाय.

लोकमान्यनगर: पुण्याची मावशी रेडिओवरची भावगीतं टेप करून कॅसेट पाठवायची. टेपरेकॉर्डर स्वयंपाकघरात. त्यामुळे प्रत्येक गाण्यात कुकरची शिटी, आणि एका अंतऱ्यात स्पष्ट "अगं, दूध बघ!" ते गाणं पुढे एका मैफलीत ऐकलं. ती जागा आली आणि आम्ही तिघी बहिणींनी एकदम एकमेकींकडे पाहिलं. गायिका फारच सुरेल गात होत्या, पण दूध कुणीच बघितलं नाही.

जेल रोड: अनंत चतुर्दशीच्या झांक्या, म्हणजे मिरवणुकीतले चित्ररथ, राहिल्या! हुकुमचंद, मालवा, राजकुमार, स्वदेशी, कल्याण, एकेका कापड मिलची झांकी दिव्यांनी लखलखत रात्रभर चालायची. आमच्या ओट्यावर दुपारीच सतरंज्या पडत. वर्षभर न दिसणारे नातेवाईक त्या दिवशी बरोबर उगवायचे, आणि आई प्रत्येकाला जागा करून द्यायची. आम्हा मुलांना फक्त हलणाऱ्या मूर्ती हव्या असत. गदा वर-खाली झाली की आरोळी! हुकुमचंद मिल 1991मध्ये बंद पडली. नंतरही कामगारांनी वर्गणी गोळा करून झांकी काढली. पगार थकलेल्या माणसांनी आमच्यासाठी दिवे लावले, हे मला मोठेपणी कळलं. त्या कामगारांच्या घरातलं कुणी त्यांच्याबद्दल लिहू शकत असेल तर जरूर लिहा.

सुदामानगर: लोकमान्यनगरच्या ताई, ती कॅसेट अजून असेल तर लवकर उतरवून घ्या, जुनी टेप चिकटते. माझा टेपरेकॉर्डर चालू आहे. घेऊन या, दूधवाला अंतरा आधी करू.