मदत हवी आहे: पाचव्या महिन्यात माती खावीशी वाटते, डाळ-भाजी मात्र नकोशी

पहिलंच बाळंतपण, पाचवा महिना चालू आहे. चिंच-कैरीचे डोहाळे ऐकून होते, मला मात्र ओल्या मातीचा वास आला की ती तोंडात टाकावीशी वाटते. पाटीवरची पेन्सिलही चघळून झाली. सासूबाई म्हणतात डोहाळे पुरवायचे असतात; पण मातीतून जंत, शिसं पोटात जाऊ शकतं, त्यामुळे हा पुरवायचा नाही हे नक्की.

डॉक्टरांना सांगितलंय. हिमोग्लोबिन ९.४ आलं (गरोदरपणात निदान ११ हवं). लोह कमी असलं की अशी इच्छा होऊ शकते, असं त्या म्हणाल्या. लोहाच्या गोळ्या सुरू आहेत, कॅल्शियमची वेगळ्या वेळी घेते, चहा जेवणापासून लांब ठेवलाय. त्यामुळे गोळ्यांचे सल्ले नकोत.

खरी अडचण जेवणाची. फोडणीचा, त्यातून लसणाचा वास आला की उलटी. स्वयंपाक नवरा करतो, तरी वास घरभर फिरतोच. पालक-मेथी घशाखाली उतरत नाही, तुरीचं वरण समोरही नको. गार असेल तर चालतं: दहीपोहे, काकडीची कोशिंबीर, वाफवलेली मटकी लिंबू पिळून. पण रोज मटकी किती खाणार! आम्ही अंडंही खात नाही, आणि साखर जरा वर असल्याने गूळ-खजूर बेतानेच.

फोडणीशिवाय, गार किंवा कोमट खाता येतील असे लोह आणि प्रथिनं देणारे कोणते पदार्थ तुम्हाला या दिवसांत पचले? आणि मातीची तल्लफ येते त्या क्षणी तोंडात काय ठेवायचात?