उसाचं पाचट (तोडीनंतर रानात उरलेली वाळकी पानं) पेटवणं बंद व्हायला पाहिजे, तुमचं काय मत?

माळवाडीकर: ऊसतोड सुरू झाली की आमच्याकडं रोज संध्याकाळी कुणाच्या ना कुणाच्या रानात पाचट पेटतंच, काल दोरीवरच्या कपड्यांवर जळक्या पात्यांची राख पडली अन् आईला रात्रभर धाप, दोनदा दम्याचा पंप द्यावा लागला. राख निदान दिसते तरी. खरा घात पीएम २.५ चा, म्हणजे धुरातल्या अतिबारीक कणांचा, केस ५०-७० मायक्रॉन जाड अन् हे कण २.५ च्या खाली, नाकात अडकत नाहीत थेट फुप्फुसात खोल जातात, सोबत कार्बन मोनॉक्साइड अन् बेंझीन. थंडीत धूर वर जातच नाही, गावावरच बसतो.

खोडवा_दीड_एकर: दादा आईंना जपा, पण रानात येऊन बघा एकदा. एकरी ३-४ टन पाचट, ऊसतोड टोळी गेली की लगेच उसाचे बुडखे छाटायचे, खत द्यायचं, पाण्याची पाळी गाठायची, मजूर नाही अन् पाचट बारीक करायच्या कुट्टी मशीनचा नंबर पंधरा दिवसांनी. मागच्या वर्षी पाणी धरताना पाचटात घोणस होती, पायापासून हातभर. काडी लावली की तासात रान मोकळं, राखेतून पालाश (पोटॅश) मिळतं ते वेगळंच.

सरीवरंबा: पालाश राहतं भाऊ, पण नत्र (नायट्रोजन) धुरासोबत उडून जातं की! मी सहा वर्षं काडी लावली नाही. एक आड एक सरीत पाचट दाबतो, वर युरिया, सुपर फॉस्फेट अन् कुजवायचं कल्चर, ओल टिकते म्हणून उन्हाळ्यात पाणी कमी लागतं. पहिल्या वर्षी उंदीर लय झाले, खोटं नाही बोलणार.

तळकोकण: आमच्याकडं भाताच्या रोपासाठी राब भाजतात, म्हणजे रोपं टाकायच्या तुकड्यावर कवळ (झाडाच्या तोडलेल्या फांद्या), शेण, पालापाचोळा टाकून जाळतात. तेही बंद करायचं का? तुकडा एवढासा असतो, तणाचं बी मरतं, त्याला पाचटाच्या रांगेत बसवू नका.

माळवाडीकर: राबाचं पटलं. खोडवावाले दादा, निदान दव पडल्यावर तरी पेटवू नका, ओलं पाचट अर्धवट जळतं, नुसतं धुमसतं, कण अन् कार्बन मोनॉक्साइड तेव्हाच जास्त निघतं. पण जाळू नये हे माझं मत कायम.

खोडवा_दीड_एकर: दुपारी वाऱ्यात पेटवलं तर शेजारचा उभा ऊस जातो, जळीत उसाला कारखाना पैशात कपात लावतो, म्हणून वारा पडल्यावर पेटवतो आम्ही. सरीवरंबा, तुमच्याकडं कुट्टीवाला असेल तर सांगा, माझी तोड पुढच्या आठवड्यात आहे.