मदत हवी आहे: ट्राउटसाठी घरी बांधलेले फ्लाय पाण्यात उसवतात

मंडळी, नमस्कार. मुक्काम पैठण. दिवाळीच्या सुट्टीत हिमाचलात तीर्थन खोऱ्यात जायचं घाटतंय. तिथे ट्राउटवर गळ टाकायचा आणि तोही स्वतः बांधलेल्या फ्लायने (गळावर पिसं, लोकर गुंडाळून केलेला नकली किडा), अशी हौस आहे. आपल्याकडे हा मासा नाही आणि असणारही नाही. पाणी वीस अंशांच्या वर गेलं की ज्याला धाप लागते, तो गोदावरीत मे महिना काय काढणार! म्हणून गावात विचारायला कोणी नाही. नाथसागरावरच्या एका भोई काकांना दाखवला तर म्हणाले, "पिसाला मासा लागतो व्हय? कणकेची गोळी लाव की."

तयार किट परवडेना, म्हणून जमवाजमव केली आहे. नेढं असलेले १२ आणि १४ नंबरचे गळ ऑनलाइन मागवले. पिसं चिकनच्या दुकानातली, तांब्याची तार मोटार रिवायंडिंगवाल्याकडची, काळी लोकर घोंगडीची. चमक हवी म्हणून ओळखीच्या विणकराकडून पैठणीच्या मागावर उरलेली जर आणली. मोरपीस बहिणीच्या शेतात बांधावर गळून पडलेलं (नायगावच्या अभयारण्यातलं नाही, तिथून काही उचलायचं नसतं). व्हाइस म्हणजे टेबलाला घट्ट बांधलेली पक्कड.

आता रडगाणं. मोरपिसाचे तंतू गळावर गुंडाळले की हिरवट तांबूस अंग सुरेख दिसतं. पण मेव्हण्याच्या शेततळ्यात चिलापीवर चालवून बघितलं, तर दोन-चार हिसक्यांत एक तंतू तुटतो आणि सगळं अंग भराभर उलगडतं. फ्लायच्या मानेला, म्हणजे नेढ्यामागे, पीस गुंडाळलं की पिसाच्या काड्या पुढे नेढ्यावर येतात, मग त्यातून दोरी ओवता येत नाही. पाण्यात ते पीस ओल्या कापसासारखं गोळा होऊन बसतं. घोंगडीची लोकर दोऱ्यावर पिळायला गेलो तर ताठ केस बाहेर येतात, दोऱ्याला धरतच नाहीत. जर कापली की टोकाची चमकती पट्टी सुटून आतला दोरा उघडा पडतो. आणि तार इतकी जाड की गळ वाकेल.

तरंगणारे बांधावेत की बुडणारे? मोजके दोन-तीन प्रकार सांगा, जे नवशिक्याच्या हाताला जमतील आणि तिथे चालतील.

बालाघाटी:
आधी पिसांचं. चिकनच्या दुकानातली पिसं ब्रॉयलरची. तो पक्षी जेमतेम सहा आठवड्यांचा असतो, मानेची पिसं तयारच झालेली नसतात, म्हणून भिजली की लोळागोळा. गावरान कोंबडा बघा, जुना, निदान वर्षाचा. त्याच्या मानेची लांब, चकचकीत पिसं ताठ असतात, ती तरंगणाऱ्या फ्लायला. बुडणाऱ्याला मात्र गावरान कोंबडीच्या मानेचं मऊ पीस घ्या, ते पाण्यात हलतं आणि जिवंत वाटतं. साबणाच्या पाण्यात धुवा, सावलीत वाळवा, डब्यात डांबरगोळी टाका. नाहीतर महिनाभरात कसर लागेल.

वायंडिंगवाला_नांदेड:
भाऊ, रिवायंडिंगवाल्याने तुम्हाला पाणबुडी मोटारीची तार दिली असणार. प्लास्टिकचं वेष्टण असलेली, जाडजूड, ती कामाची नाही. छताच्या पंख्याच्या वायंडिंगची एनॅमल तार मागा. ३६ गेज म्हणजे साधारण ०.१९ मिलिमीटर, फ्लायला अगदी बरोबर. जळलेल्या पंख्यातली मिळाली तरी चालेल, फक्त काळी पडून ठिसूळ झालेली नको.

उथळपाणी:
तुमचे सगळे प्रश्न एका दगडात मरतील असं सांगतो. तरंगणारे सोडून द्या. ते बांधणं अवघड, आणि डोंगरातल्या जोरकस पाण्यात ते नवशिक्याच्या हातून नीट वाहत नाहीत. ट्राउट बराचसा वेळ तळाशी, वाहून येणारे किड्यांचे डिंभक (अळ्या) खात असतो. म्हणून बुडणारे बांधा, जड बांधा.

इंग्लंडमध्ये एव्हन नदीचा राखणदार होता फ्रँक सॉयर. त्याने दोऱ्याऐवजी तांब्याची तारच वापरली. तारेनेच वजन, तारेनेच बांधणी. त्याचा 'किलर बग' म्हणजे तार आणि वर लोकर, बस्स. पीस नाही, शेपूट नाही. घोंगडीची लोकर पिळायचीच नाही. तिचा कातलेला बारीक धागा घ्या, आधी गळावर तारेचे दोन थर द्या, मग धागा मागून पुढे गुंडाळत या आणि तारेनेच आवळा. काळ्याबरोबर एखादा राखाडी-तपकिरी रंगही ठेवा.

दुसरा, मोरपिसाचा. एक तंतू कधीच गुंडाळू नका. चार-पाच तंतू दोऱ्यासोबत पिळून एकच दोरखंड करा, मग गुंडाळा. त्यावरून तार उलट्या दिशेने, विरळ वेढ्यांनी आणा. तंतू घड्याळाच्या दिशेने तर तार विरुद्ध. मग एक तंतू माशाच्या दातांनी तुटला तरी बाकीचे तारेखाली दबलेले राहतात. गळावर आधी फेव्हिक्विकचा पुसटसा हात दिला तर आणखी बरं. पुढे कोंबडीच्या मऊ पिसाचे दोनच वेढे.

नेढ्याचं: नेढ्याइतकीच जागा त्याच्या मागे मोकळी सोडून थांबायचं. पीस तिथे बांधा, डाव्या हाताच्या चिमटीने काड्या मागे ओढून धरा आणि मगच दोरा पुढे आणा. पैठणीची जर हवीच असेल तर तिचं कापलेलं टोक अंगाखाली पूर्ण लांबीभर दाबा, म्हणजे पट्टी सुटायला वाव राहत नाही. मला विचाराल तर जर पैठणीवरच शोभते, तांब्याची चमक पुरेशी आहे.

बालाघाटी:
महत्त्वाचं राहिलंच. हिमाचलात ट्राउटची बंदी १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत असते. यंदा दिवाळी नोव्हेंबरात आहे. तारखा बदला.

धागाकर्ता:
बरं झालं सांगितलंत, तिकिटं काढायची होती! मग दसऱ्याच्या सुट्टीत निघतो. पंख्याची तार उद्याच आणतो. परवान्याचं कसं?

उथळपाणी:
परवाना तिथल्या मत्स्य विभागाकडून काढावा लागतो, होमस्टेवाले वाट दाखवतात. पण दसरा म्हणालात तर एक लक्षात घ्या. तीर्थन कुल्लू जिल्ह्यात आहे, आणि आपला दसरा संपतो त्या दिवशी कुल्लूचा सुरू होतो आणि आठवडाभर चालतो. गाड्या आणि खोल्या आधीच ठरवा. ऑक्टोबरात पाणी निवळशंख असतं, त्यामुळे १४ नंबरचे, म्हणजे लहान, जास्त बांधा. आणि गळाच्या टोकाजवळची उलटी अणी पकडीने दाबून सपाट करा, म्हणजे मासा सोडताना त्याचा जबडा फाटत नाही. हे बांधायच्या आधी करा. नंतर दाबताना गळ मोडला तर सगळी मेहनत वाया.