डब्ल्यूएक्सविजेट्सच्या सेटअप.एचमधले स्विच: निम्मे तरी काढून टाका

कोडकरी
डब्ल्यूएक्सविजेट्स (खिडक्या, बटणं असलेले प्रोग्रॅम लिहायची C++ लायब्ररी) ज्यांनी स्वतः बांधलं, म्हणजे सोर्सपासून कंपाइल केलं आहे, त्यांना त्यातली सेटअप.एच ही सेटिंगची फाईल माहीत असेलच. त्यात शंभराहून जास्त मॅक्रो, म्हणजे एकेका भागाचे चालू-बंद स्विच, आहेत. 1 ठेवला तर तो भाग लायब्ररीत येतो, 0 केला तर कंपाइलच होत नाही. माझं म्हणणं, यातले बरेचसे आता काढून टाकावेत. लिनक्सवर वेबव्ह्यूला (वेबपान दाखवणारा भाग) वेबकिटजीटीके लागतं, मीडिया कंट्रोलला (ऑडिओ-व्हिडिओ चालवणारा भाग) जीस्ट्रीमर लागतं. अशा बाहेरच्या लायब्ररींवर अवलंबून असलेल्या भागांना स्विच हवाच. पण टूलटिप, कॅलेंडर, स्पिन बटण यांना वेगवेगळे स्विच कशाला? नुसते 20 स्विच धरले तरी चालू-बंदच्या 10 लाखांहून जास्त वेगवेगळ्या जुळण्या होतात. त्या सगळ्या बांधून बघणं कुणालाही शक्य नाही. मग एखाद्याने कॅलेंडर बंद केलं की तिसऱ्याच फाईलमध्ये बिल्ड फुटतं. प्रोग्रॅमचा आकार कमी हवा असेल तर स्टॅटिक लिंक करा (लायब्ररी प्रोग्रॅमच्याच फाईलमध्ये जोडा), न वापरलेला कोड लिंकर, म्हणजे ही जोडणी करणारं साधन, टाकून देतो.

स्टॅटिकवाला
शेवटचं वाक्य अर्धंच खरं आहे. लिंकर टाकतो ते ज्याचा कुठेच उल्लेख नाही तेवढंच. एक्सआरसी (खिडक्यांची मांडणी एक्सएमएल फाईलमधून वाचायची सोय) वापरणाऱ्या प्रोग्रॅममध्ये इनिटऑलहँडलर्स ही एक ओळ असते. ते फंक्शन प्रत्येक हँडलरला (फाईलमधल्या नोंदीवरून एकेक कंट्रोल तयार करणारा कोड) हाक मारतं, हँडलर आपापल्या कंट्रोलला ओढून आणतो, आणि पडद्यावर कधीच न येणारे कंट्रोलसुद्धा एक्झिक्युटेबलमध्ये (प्रोग्रॅमच्या तयार फाईलमध्ये) येऊन बसतात. व्हर्चुअल फंक्शनांचंही तसंच. क्लास आला की त्याची व्हीटेबल (अशा फंक्शनांच्या पत्त्यांचा तक्ता) आली आणि तिच्यात नोंदलेली फंक्शनंही आली, तुम्ही ती वापरा किंवा नका वापरू. छोट्या उपकरणावर काम करणाऱ्याला ते स्विचच वाचवतात.

कोडकरी
इनिटऑलहँडलर्स लिहायची सक्ती कुठे आहे? ॲडहँडलरने लागतील तेवढेच नोंदवा. चार ओळी जास्त होतील, पण लायब्ररी पुन्हा बांधावी लागणार नाही. व्हीटेबलचा मुद्दा मान्य.

पॅकेज_सांभाळणारा
तुम्ही दोघं स्वतः लायब्ररी बांधणाऱ्यांच्या नजरेतून बोलताय. लिनक्सच्या डिस्ट्रोमध्ये (डेबियनसारख्या तयार संचात) लायब्ररी एकच असते आणि तिच्यावर चालणारे प्रोग्रॅम अनेक. तिथे स्विच मी ठरवतो आणि परिणाम दुसऱ्यांना भोगावे लागतात. डब्ल्यूएक्सविजेट्स 3.2 मधलं जीएलकॅन्व्हस (ओपनजीएलने चित्र काढायचा भाग) घ्या. ते ईजीएलवर चालणार की जीएलएक्सवर (ओपनजीएलला पडद्याशी जोडायचे दोन मार्ग), हे लायब्ररी बांधतानाच ठरतं. प्रोग्रॅमसोबतचं ग्ल्यू (GLEW, ओपनजीएलची फंक्शनं शोधून देणारी लायब्ररी) जीएलएक्ससाठी बांधलेलं असेल आणि लायब्ररीने ईजीएल घेतलं असेल, तर वेलँडवर (लिनक्सच्या नव्या डिस्प्ले पद्धतीवर) ग्ल्यूइनिट, म्हणजे ग्ल्यू सुरू करणारं फंक्शन, अपयशी होतं. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याची काही चूक नसते, तक्रार मात्र त्याच्याकडे जाते. असली निवड प्रोग्रॅम चालतानाच करता यायला हवी. बाकीच्या भागांसाठी वेगळ्या लायब्ररी हा जास्त चांगला मार्ग आहे. वेबव्ह्यू आणि मीडिया डेबियनमध्ये वेगळी पॅकेजेस आहेतच, नको असेल तर घेऊ नका.

हेडर_वाचक
आकारावर एवढा वाद चाललाय, पण खरा धोका कुणी बोललंच नाही. विंडोजवर बिल्ड करताना सेटअप.एचची एक प्रत लिबमधल्या फोल्डरात जाते आणि तुमचा प्रोग्रॅम तीच वाचतो. बिल्ड झाल्यावर कुणी त्या प्रतीत एक आकडा बदलला की लायब्ररी एका सेटिंगवर आणि प्रोग्रॅम दुसऱ्या. तो मॅक्रो एखाद्या क्लासच्या मेंबरभोवती असेल तर ऑब्जेक्टचा आकार दोन्हीकडे वेगळा निघतो. प्रोग्रॅम सुरू होताना आवृत्ती, युनिकोड वगैरे जुळतं का हे तपासलं जातं, पण एकेक स्विच तपासला जात नाही. मग कोसळतो तो भलत्याच ठिकाणी.

स्टॅटिकवाला
बांधून झाल्यावर हेडरला, म्हणजे सेटअप.एचला, हात लावायचाच नसतो. युनिक्सवर डब्ल्यूएक्स-कॉन्फिग ही स्क्रिप्ट त्या हेडरचा बरोबर मार्ग देते. आणि स्विच तपासणारी चेककॉन्फ.एच ही फाईल आहे ना! एखादा भाग चालू ठेवून त्याला लागणारा भाग बंद केला, किंवा मॅक्रोची व्याख्याच राहिली, तर ते एरर देऊन थांबवतं.

हेडर_वाचक
ते लायब्ररीच्या मॅक्रोंपुरतं. माझ्या कोडमध्ये मॅक्रोच्या नावात एक अक्षर चुकलं तर प्रीप्रोसेसर (कंपाइलच्या आधी मॅक्रो सोडवणारा टप्पा) त्याला गुपचूप 0 धरतो आणि माझा कोड गायब होतो. कंपायलरचा डब्ल्यूअनडेफ (-Wundef) इशारा चालू असेल तरच कळतं. क्यूटी या अशाच दुसऱ्या लायब्ररीने यावर सुंदर तोड काढली आहे. तिथे फीचर चालू असेल तर किंमत 1, बंद असेल तर उणे 1, आणि क्यूटी-कॉन्फिग मॅक्रो 1 ला त्या किमतीने भागतो. नाव चुकलं तर भाजक शून्य होतो, शून्याने भागाकार म्हणून कंपायलर तिथेच थांबतो. स्विच ठेवायचेच असतील तर निदान असे ठेवा.

कोडकरी
हे पटलं. स्विच उडवण्याआधी हे झालं तरी मोठं काम होईल. तरी टूलटिपचा स्विच का हवा, याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

स्टॅटिकवाला
उत्तर मोजूनच देता येईल. डिसेबल-ऑल-फीचर्स (सगळे भाग बंद) हा पर्याय देऊन एकदा बांधा, मग एकेक भाग चालू करत एक्झिक्युटेबल किती वाढतं ते लिहून ठेवा. ज्याने काहीच फरक पडत नाही तो स्विच काढायला माझी हरकत नाही. पण तो तक्ता समोर आल्याशिवाय एकही काढू नका.